दाराशी बसून ओवलेल्या सुया

आक्का, आधी सोजरमावशींचं नाव घेते. तुमच्यावर लिहायला बसायचं आणि पहिलं नाव दुसरीचं घ्यायचं, हे तुम्हाला रुचलं नसतं. पण त्या नसत्या तर मी त्या दिवशी तुमच्या उंबऱ्यावरूनच माघारी पळाले असते, आणि तुमचे पाय धरायचे राहून गेले असते.

नातवाच्या फोनवरून त्यांनीच मला वडवणीला कळवलं. म्हणाल्या, कुंदे, आक्का गेल्या, येतीस का. मला खरं वाटेना. मी म्हटलं, आक्कांच्या घरातल्या कुणाला तरी फोन द्या. तशा त्या चिडल्या. "मी काय खोटं सांगंल का गं असलं? यष्टी धर अन् ये." धारूरच्या स्टँडवर काठी टेकून त्या माझी वाट बघत उभ्या होत्या. उतरणाऱ्या प्रत्येक बाईच्या तोंडाजवळ तोंड नेऊन ती मीच आहे का, हे बघत होत्या. त्यांना आता लांबचं काही दिसत नाही. जवळचंही फारसं नाही.

तुमच्या घरात शिरले तर तुम्ही बसलेल्या. पुढच्या खोलीत, भिंतीला पाठ लावून, ताठ. कपाळाला विभूतीचे पट्टे, गळ्यात हार, अंगावर हिरवं पातळ. मी जागच्या जागी थांबले आणि मोठ्यांदा म्हणाले, "आक्का, तुम्ही तर बसलाय की. यांनी मला काय सांगितलं मग?"

सगळं घर माझ्याकडे वळलं. भजन म्हणणारा माणूस क्षणभर अडखळला. तुमच्या सुनेनं पदर तोंडात कोंबला, ती रडत होती की काय करत होती, मला कळलं नाही. आमच्या भंडाऱ्याकडे माणूस गेलं की आडवं ठेवतात. तुमच्यात बसवून ठेवतात आणि बसवूनच नेतात, हे इतकी वर्षं या भागात राहून मला माहीत नव्हतं. माहीत होणार कसं? मी इथं आले आणि वर्षभरातच कुणाच्याही दारात कुणी जायचं नाही अशी वेळ आली. माणसं गेली ती आम्हाला ऐकूनच माहीत.

सोजरमावशींनी माझं मनगट धरलं. कानाशी म्हणाल्या, "त्यांच्यात असंच बसवतेत गं. चल, पाया पड." मी पाया पडले. पडता पडता तुमच्या छातीकडे बघून घेतलं, पातळ हलतंय का म्हणून. सवय हो, आक्का. सांगितलेल्यावर विश्वास नाही. ही सवय मला तुमच्याच गोदामात लागली.

सातवीतून शाळा सुटली माझी. त्यामुळे लिहिताना पुढचं मागं आणि मागचं पुढं होतं, ते तुम्ही संभाळून घ्या. तुम्ही काही संभाळून घेत नव्हता म्हणा. झोळ आलेला टाका तुम्ही माझ्यादेखत उसवला होता आणि वर विचारलं होतं, भंडाऱ्यात असंच शिवतेत का?

आमचे हे बालाघाटातल्या खडी क्रशरवर ऑपरेटर म्हणून आले, त्यांच्यामागे मी आले. धारूरला एक खोली मिळाली. मालकीणबाई पहिल्या दिवसापासून माझ्यावर नजर ठेवून. मी भात दोन्ही वेळा शिजवते याचीसुद्धा त्यांना शंका. भाकरी येत न्हाई का हिला, का लपवून काही खाते, असं त्या शेजारणीला विचारायच्या. मग टाळेबंदी लागली. क्रशर बंद. घरी जायचं तर गाड्या बंद, आणि गावाकडून निरोप असा की येऊ नका, आलात तर शाळेत ठेवतील. म्हणजे इथं परकी आणि तिथंही परकी. मी खोकले की मालकीणबाई दाराच्या फटीतून बघायच्या. मग मी खोकला आला की उशीत तोंड घालायला लागले. यांनाही सांगायचे, घालाच.

बंदी जरा सैल झाल्यावर तुमच्या कापडदुकानात मी दोऱ्याचं रीळ घ्यायला आले. दोरी बांधून गिऱ्हाईक लांब ठेवलं होतं तुम्ही. रीळ पुढं सरकवताना माझ्या हाताकडं बघितलंत आणि विचारलंत, शिवती का. मी म्हटलं, येतं थोडं. तुम्ही म्हणालात, वाकळीचा, गोधड्यांचा क्लास पुन्हा सुरू करतीय, ये.

मी घरी येऊन यांना सांगितलं आणि आम्ही दोघं विचारात पडलो. ओळख ना पाळख, ही बाई मला का बोलावते? जिथं मालकीण पाण्याचा हंडा शिवू देत नाही तिथं दुकानाची शेटाणी क्लासला ये म्हणते. यांचं म्हणणं, फुकट राबवून घेईल. माझं म्हणणं, हिला बाया मिळत नसतील, भीतीनं कुणी येत नसेल, म्हणून मरायला परकी बरी. तुम्ही हसाल. पण तेव्हा कुणी चांगलं वागलं की जास्त भीती वाटायची.

तरी आले. खोलीत बसून बसून डोकं फिरायची वेळ आली होती. आणि खरं सांगते, त्या गावात माझं नाव घेऊन मला हाक मारणारी दुसरी जागा नव्हती. भाजीवाली "ए भंडारेवाले" म्हणायची. तुम्ही कुंदा म्हणालात. ती जागा जाऊ नये, एवढंच मला पुढचे सगळे महिने वाटत राहिलं. बाकीच्यांना दोन पैसे मिळायचे, शिकायला मिळायचं, त्यांचं ते त्यांना ठाऊक. मला ती हाक पाहिजे होती.

दुकानामागचं ते गोदाम. तुम्ही सुताराला बोलावून त्याची दारं बिजागऱ्यांसकट काढून घेतली होती. भावकीतले लोक म्हणत होते, म्हातारी येडी झाली, चोरांना मोकळं रान. तुम्ही म्हणालात, चोर आला तर दिसंल तरी, ही बिमारी दिसत न्हाई. कचेरीत जाऊन रीतसर विचारून आलात. जमिनीवर चुन्याचे गोल काढलेत. फाटकाशी नळ आणि साबण. चहा बंद. त्या चहावरून किती बोलणी खाल्लीत तुम्ही. बाया बिमारीला तयार होत्या, पण चहा बंद म्हटल्यावर दोघी परत गेल्या होत्या.

आणि ते ताप बघायचं पिस्तूल. सोजरमावशींच्या कपाळाला लावलं तर त्यांनी डोळे गच्च मिटले. त्यांचं घर मेंढरं घेऊन हिंडणारं. गुडघे गेले म्हणून त्या गावात राहिलेल्या, आणि वाकळीचा जुना टाका त्यांच्याइतका कुणाला येत नव्हता म्हणून शिकवायला तुम्ही त्यांना आणलेलं. त्या म्हणाल्या, माजं काय मोजतीस, मेंढराचं मोज, ते तरी इकता येतंय. सगळ्या हसल्या. मास्कमधून हसू दिसत नाही, खांदे हलतात फक्त. मी तेव्हा मनात म्हटलं, या कुणाला हसतायत, मला तर नाही?

वाकळ म्हणजे चौघीजणी चारी बाजूंनी मांडी घालून बसायच्या आणि काठाकडून मधे शिवत यायच्या. जसजसं मधे यावं तसतसे गुडघे गुडघ्याला लागतात, गप्पा रंगात येतात. तुम्ही म्हणालात, चार कोपरे चौघींचे, मधलं कुणीच शिवायचं नाही. मग मधलं शिवणार कोण? सगळ्या गेल्यावर एकटी एक. रोज वेगळी. यावरून तुमचं आणि सोजरमावशींचं जे भांडण लागलं ते मला वाटतं शेवटपर्यंत मिटलं नाही. त्यांचं म्हणणं, मधे एकटीनं शिवलं की थर सरकतात, झोळ येतो, वाकळ वर्षात फुगते. तुमचं म्हणणं, फुगू दे, माणूस तर राहील. दोघींचंही खरं होतं. त्या वर्षीच्या वाकळींना मधे फुगवटा आहे. माझ्याकडे आहे त्यातली एक, त्याच्यावर हात फिरवला की कळतं.

कापडाचं तर विचारूच नका. वाकळ जुन्या लुगड्यांची, आणि जुनी लुगडी येतात ती बहुतेक करून गेलेल्या माणसाची. एरवी त्यात चांगलंच मानतात. सासूच्या लुगड्याची वाकळ अंगावर घेतली की सासू जवळ असल्यासारखं वाटतं म्हणे. पण त्या वर्षी प्रत्येक लुगड्याकडे आम्ही सगळ्याजणी एकाच नजरेनं बघायचो. ही कशानं गेली? आणणारी सांगायची, हृदयाचं होतं तिला. शुगर होती. कुणी म्हणजे कुणी त्या एका कारणानं गेलं नव्हतं. तुम्ही ऐकून घ्यायच्या, हं म्हणायच्या, आणि सगळीच्या सगळी लुगडी उकळत्या पाण्यातून काढून माळवदावर उन्हात टाकायच्या. कुणाचं वेगळं नाही, कुणाला विचारणं नाही. "माजा इस्वास कुणावर न्हाई, म्हणून मी कुणाला इचारीत न्हाई," असं मला एकदा लुगडी पिळताना म्हणाला होतात. मला ते वाक्य समजायला वेळ लागला.

मग ते दोऱ्याचं उघडकीला आलं.

सोजरमावशींना सुई ओवता यायची नाही, दिसायचंच नाही. त्या सुई पुढं करायच्या, ओवून दे गं. जी जवळ असेल ती मास्क खाली करायची, दोऱ्याचं टोक ओठात धरून ओलं करायची, दातानं टोक काढायची, सुई ओवून मावशींना द्यायची. मावशी दोरा संपला की दातानंच तोडायच्या. आणि मावशीच कशाला, सगळ्याच. बाईच्या जातीला हे कुणी शिकवत नाही, आपोआप येतं. दिवसातून कितीदा तरी. चुन्याचे गोल आपल्या जागी, साबण आपल्या जागी, आणि सुई या तोंडातून त्या तोंडात फिरतेय. चांगले काही दिवस ते चाललेलं होतं आणि कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं, तुमच्यासुद्धा.

तुम्ही बघितलंत आणि काम थांबवलंत. पोत्यावर बसलात. मला वाटलं आता ओरडतील. तुम्ही अगदी हळू म्हणालात, "दारं काढली, चहा तोडला, अन् थुंकी तर आपुन दोऱ्यानं वाटतोय." सगळ्याजणी आपापल्या सुईकडे बघत बसल्या. मग तुम्ही सगळ्यांना घरी पाठवलंत.

त्याच आठवड्यात यांना ताप आला.

तो साधाच होता, उन्हात टिनाखाली झोपल्याचा. पण मालकीणबाईंनी ऐकलं, भिंत पातळ. आणि ती बातमी कुणीतरी तुमच्यापर्यंत आणली. तुम्ही दवाखान्याच्या आशाताईंच्या हाती निरोप धाडलात, तपासणी होऊन रिपोर्ट येईपर्यंत कुंदानं येऊ नये. ते बरोबरच होतं, मी काही म्हटलं नाही. आमच्या दोघांच्या नाकात काडी घातली. रिपोर्ट चांगला आला. मी तो कागद पदराला बांधून तुमच्याकडे धावत आले. तुम्ही लांबूनच वाचलात आणि म्हणालात, "बरं झालं. उद्या सगळ्यांच्या आधी ये. फाटकाच्या ओट्यावर बस. वाकळीला हात लावू नको."

आक्का, मी रस्ताभर रडत गेले. रिपोर्ट चांगला आहे तर वाकळीला हात का लावायचा नाही? सगळ्या आत आणि मी फाटकाशी? यांनी सांगितलं, सोड तो क्लास, एवढा अपमान कशाला. मी तयारही झाले होते. पण दुसऱ्या दिवशी पाय आपोआप तिकडे वळले. गेले नाही तर नाव घेऊन हाक मारणारं कोण?

ओट्यावर एक डबा ठेवलेला. उकळून पुसलेल्या सुया, मेणाचा तुकडा, कात्री, दोऱ्याची रिळं. आणि चिंध्यांच्या छोट्या छोट्या गाद्या, प्रत्येकीचा रंग वेगळा. मी सगळ्यांच्या सुया ओवायच्या. हात धुवायचे, कात्रीनं टोक तिरकं कापायचं, मेणावरून ओढायचं, ओवायचं, ज्या त्या रंगाच्या गादीत खोचायचं. बाई येईल, आपली गादी उचलेल, आत जाईल. सुया संपल्या की रिकाम्या सुया दुसऱ्या डब्यात. ओवायला कुणी कुणाकडे जायचं नाही आणि दोरा तोंडाला लागायचा नाही. क्लासभर सुया ओवणारे हात फक्त माझे.

मी ओवत होते आणि मनात एकच, हिनं मला दारात बसवलं.

पहिल्या दिवशी सोजरमावशी आल्या. ओट्यापासून लांब उभ्या राहिल्या. आत तोंड करून म्हणाल्या, "आक्का, मी न्हाई हिच्या हातची सुई घेत. परमुलखाची बाई. हिच्या नवऱ्याला ताप आलता म्हणं." मला ऐकू जावं म्हणूनच मोठ्यानं. आतल्या बायांचे हात थांबले. मला वाटलं, आता तुम्ही काहीतरी बोलाल माझ्या बाजूनं. रिपोर्ट चांगला आला, एवढं तरी. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "मग घरून ओवून आणत जावा."

झालं. मावशींनी सकाळभर आपली एक सुई आणि दोरा घेऊन झटापट केली. सूर्याकडे धरली, सूर्याकडे पाठ करून धरली, डोळा मिटून बघितला, उघडून बघितला. तोंडात घालायला गेल्या की तुम्ही तिथूनच खाकरायच्या. कुणाला ओवून मागायची सोय नाही. अखेर दुपारी त्या उठून आल्या आणि आपली पिवळी गादी काठीच्या टोकानं माझ्याकडे सरकवली. मेंढरू हाकावं तशी.

"दे ओवून," म्हणाल्या. "पर लांबून."

मी ओवून दिली. त्यांनी सुई उन्हात धरली आणि दोरा बोटांनी चाचपला, ओला आहे का म्हणून. कोरडा होता. दुसऱ्या दिवशी गादी हातानं दिली.

असे बरेच महिने गेले. माझ्या ओट्यावरून मला सगळं दिसायचं. कोण हात न धुता शिरते, कुणाचा मास्क नाकाखाली आहे, कुणाचे डोळे लाल आहेत. मी बघायची आणि ठेवून घ्यायची. कधी तुम्ही येता जाता विचारायच्या, कुणी खोकलं का गं? मी सांगायची. मग एकदा मनात आलं, मला दारात बसवलं ते पहाऱ्याला की काय? उद्या काही झालं तर बाया म्हणतील भंडारेवालीनं चुगली केली. तुम्ही मला वापरताय, असं वाटायला लागलं. आणि लगेच वाटायचं, या बाईनं मला बोलावलं नसतं तर मी त्या खोलीत वेडी झाले असते. दोन्ही एकाच वेळी वाटायचं. आजही वाटतं.

शेवटी मी तुम्हाला विचारलं. सगळ्या गेल्या होत्या, तुम्ही मधला भाग शिवत होता. मी फाटकातूनच म्हटलं, "आक्का, तुम्हाला माझा संशय आहे म्हणून मला दारात बसवलंय ना?"

तुम्ही टाका पुरा केलात. म्हणालात, "संशय मला समद्यांचा हाय. माजा बी हाय."

"माझ्या प्रश्नाचं उत्तर द्या ना."

"तू उद्या लवकर ये. मेण संपलंय, ते मी आणून ठिवते."

एवढंच. हे आपलं शेवटचं धड बोलणं त्या विषयावर. मग अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्याकडे अँब्युलन्स जास्त जायला लागल्या आणि कुणी सांगायच्या आधीच तुम्ही क्लास बंद केलात. बाया म्हणाल्या, हिला आतलं काही कळलंय. मलाही तसंच वाटलं. आमच्यातल्या दोघींच्या घरी ताप आला, त्यांनी टायफाइड सांगितलं. क्लासमुळे कुणाला झालं नाही, असं तुम्ही पुढं सांगायच्या. मी मान हलवायची. पण कुणाला झालं होतं आणि कुणाला नाही, हे खरं कोण कुणाला सांगत होतं, आक्का? एवढं मात्र मला माहीत आहे की पुन्हा गोदामात जमलो तेव्हा एकाही रंगाची गादी न उचललेली राहिली नाही. त्या दिवशी मी गाद्या मांडताना श्वास धरून बसले होते. शेवटची पिवळी उचलली गेली तेव्हा सोडला.

पुढं यांचं काम वडवणीच्या बाजूला गेलं. तुम्ही बाजाराला यायच्या तेव्हा भेट व्हायची. दरवेळी ठरवायची, आज विचारते. तुम्ही म्हणायच्या, पोरगं किती मोठं झालं, ह्याला वाकळ शिवली का. विषय तिकडे जायचा. मला वाटायचं तुम्ही मुद्दाम नेताय. आता तुम्ही गेलात, आणि तो प्रश्न माझ्याकडेच राहिला.

त्या दिवशी तुम्हाला नेल्यावर मी आणि सोजरमावशी त्याच ओट्यावर बसलो होतो. गोदामाला पुन्हा दारं बसवली आहेत. मी त्यांना म्हटलं, मावशी, मला इथंच बसवलं होतं आक्कांनी, दारात, परकी म्हणून. का, ते शेवटपर्यंत सांगितलं नाही.

मावशींनी माझ्याकडे तोंड वळवलं. "यडी हायस का तू? जिच्यावर शंका हाय तिच्या हातात समद्यांच्या सुया देतेत का?"

सुयांचा डबा असायचा त्या कोपऱ्याकडे मी बघितलं.

मग त्या म्हणाल्या, "तापाचं मीच सांगितलतं आक्काला. तुझ्या मालकिणीनं मला सांगितलं, मी त्येंना. मी म्हनले, काढा तिला. तर त्या म्हनल्या, सोजर, रिपोट येऊ दे. पर एक बघितलंस का, पयल्या दिसापासून ती एकलीच हाय जी दोरा तोंडात घालत न्हाई."

मी आठवून बघितलं. खरंच, मी कधी घातला नव्हता. माझी आई तंबाखू-सुपारीचा खर्रा खायची. दिवसभर गालात. माझ्या लहानपणी मी तिच्याजवळ बसून शिवायला शिकले तेव्हा ती तोंडात दोरा घालून ओवायची आणि पांढरा दोरा तांबडा व्हायचा. मला किळस यायची. म्हणून मी बोटांवर वळून ओवायची सवय लावून घेतली. एवढंच कारण. त्यात माझं शहाणपण काही नाही. मला स्वतःला जे माहीत नव्हतं ते तुम्ही, मी रिळासाठी दोरीपलीकडे उभी असतानापासून, नाही तर क्लासच्या पहिल्या दिवसापासून बघत होता. तुमचा कुणावर विश्वास नव्हता म्हणून तुम्ही सगळ्यांच्या हातांकडे बघायच्या. त्यात माझे हात तुम्हाला चालले.

आणि हे तुम्ही मला एका वाक्यात सांगू शकला असतात. इतके महिने मी दाराशी अपमान गिळत बसले, तुम्हाला दिसत नव्हतं? का सांगितलं असतं तर मी ढिली पडले असते, असं वाटलं? रागावू की काय करू, आक्का. तुमच्यासमोर असते तर भांडले असते. तुम्ही पुन्हा मेणाचं काहीतरी काढलं असतंत.

मला अजून एक वाटतं, ते लिहूनच टाकते. सोजरमावशींनी हे माझी समजूत घालायला रचून तर सांगितलं नसेल? त्या दिवशी मी सगळ्यांसमोर हसं करून घेतलं होतं, त्यांना माझी कीव आली असेल. तुम्ही असं म्हणालात याला आता साक्षीदार कोण? मी बसमध्ये बसून हाच विचार उलटा सुलटा केला. मग ठरवलं, हे तपासायचं नाही. सगळं तपासत आले. हे एक तसंच घेते. तुमचं नाव घेऊन त्यांनी दिलं आहे, ते मी पदरात घेतलं.

मावशी मला स्टँडवर सोडायला आल्या होत्या. बसची पाटी त्यांना दिसेना. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. ऑपरेशन करा म्हटलं तर म्हणाल्या, करायचं हाय, पर त्येच्यानंतर दिवसातून कितीदा औषध घालावं लागतंय, धूळ लागू द्यायची न्हाई, वाकायचं न्हाई. पोरगं मेंढरामागं, सून त्येच्यासंगं. नातू अजून शाळंत. घालणार कोण? शेजारीण तयार आहे, पण तिच्या हातावर त्यांचा भरवसा नाही. डोळ्याची गोष्ट आहे, म्हणाल्या.

आक्का, तुमचं फेडायला तुम्ही मागं काही ठेवलं नाहीत. सोजरमावशींचं मात्र मला फेडता येईल. या वर्षी जमेल की पुढच्या, सांगू शकत नाही. यांची कामाची पाळी, पोराची शाळा, सगळं बघावं लागेल. पण ज्या दिवशी त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन होईल त्या दिवशी मी धारूरला येईन, आणि पट्टी सुटून डोळा बरा होईपर्यंत त्यांच्याच घरात राहीन. हात धुऊन, वेळच्या वेळी, मीच त्यांच्या डोळ्यांत औषध घालीन.